एका मिलिमीटरचे टँकर

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? अंगणात उभं राहिलं तर सदरासुद्धा धड भिजत नाही. पण तेवढाच पाऊस एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर पडू द्या. झालं की 10,000 लिटर पाणी! अख्खा एक टँकर!

आता ढगफुटी घ्या. हवामान खात्याच्या मापाने तासाला 100 मिलिमीटर. म्हणजे त्याच रानात तासाभरात 100 टँकर रिकामे, दर 36 सेकंदांना एक! आणि अतिवृष्टीचा जोर वाढतोच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या मुलखावर कोसळणाऱ्या पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या.

हे टँकर झेलायचे कोणी? गांडुळांनी! उसाच्या फडातलं ओलं पाचट जरा उचलून बघा. खाली चहापत्तीसारखी दाणेदार माती आणि काडी जाईल एवढी भोकं. पाणी मुरतं ते इथून. डार्विनने 1881 च्या पुस्तकात जर्मन शास्त्रज्ञ हेन्सन यांचा आकडा दिला आहे: बागेच्या एका एकरात 53,767 गांडुळं! इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी ती वर्षाकाठी एकरी 10 टन माती वर आणतात, असा डार्विनचा हिशेब. पन्नास किलोची 200 पोती, तीही विनामजुरी! शिवाय चमचाभर कसदार मातीत 100 कोटींपर्यंत जिवाणू. 2011 च्या जनगणनेत आपला सगळा देश 121 कोटींचा होता!

गांडुळं-जिवाणूंची ही वस्ती पाचट पेटवलं की होरपळते. पाचट कुजू दिलं, बांधावरची झाडं-गवत राखलं, तुरीत बाजरी घेतली की ती वाढते आणि जमीन जास्त पाणी पिते.

किती जास्त? महाराष्ट्रात पिकाखालची जमीन सुमारे 1.7 कोटी हेक्टर. एकच मिलिमीटर जादा मुरला तर 1.7 कोटी टँकर! आठ-आठ मीटरचे टँकर एकामागे एक उभे केले तर रांग 1,36,000 किलोमीटर. मुंबई-पुणे नऊशे वेळा, पृथ्वीला तीन वेढे घालून वर शिल्लक! पाण्यात मोजलं तर 6 टीएमसी (अब्ज घनफूट), तीन खडकवासला धरणं. आणि साडेसतरा मिलिमीटर मुरला तर? 105 टीएमसी. काठोकाठ भरलेलं कोयना धरण, मातीच्या पोटात, एकही गाव न उठवता!