मान्यता वेगळी, मूल्यांकन वेगळे

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांना मान्यता, अनुदानाची पात्रता आणि गुणवत्तेचे मूल्यांकन अशा तीन वेगळ्या तपासण्यांना सामोरे जावे लागते. स्टाफरूममध्ये मात्र तिन्हींची सरमिसळ होते आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

यू-डायस क्रमांक मिळाला म्हणजे मान्यता मिळाली, हा त्यातला साधा गैरसमज. धुळ्यातील शाळेचा 11 अंकी क्रमांक 2702 ने आणि जळगावातील शाळेचा 2703 ने सुरू होतो. ही केवळ शाळेची नोंद आहे. मान्यता शासन देते. दहावीच्या परीक्षेसाठी दोन्ही जिल्ह्यांतील शाळा नाशिक विभागीय मंडळाला जोडलेल्या आहेत. 'नॅक'चा शाळांशी संबंध नाही. ते महाविद्यालये आणि विद्यापीठांसाठी आहे.

गुणवत्तेच्या मूल्यांकनात श्रेणी घसरली की अनुदान जाते, ही भीती अधिक खोल रुजली आहे आणि तिला कारणही आहे. शासनाने 2009 मध्ये 'कायम विनाअनुदानित' या शब्दप्रयोगातून 'कायम' वगळले. निकषांवर पात्र ठरलेल्या शाळांना 2016 मध्ये 20 टक्के अनुदान मंजूर झाले. त्या तपासणीलाही मूल्यांकनच म्हणत. वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवलेल्या शिक्षकाला हा शब्द ऐकताच पगाराची काळजी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु 2015 मध्ये आलेली 46 मानकांची 'शाळासिद्धी' किंवा त्यानंतरचा 128 मानकांचा 'स्क्वाफ' आराखडा शाळेची स्थिती पाहण्यासाठी आहे, अनुदान ठरवण्यासाठी नाही. शिक्षकांची पदेही त्यावर नव्हे, तर संचमान्यतेत म्हणजे पदमंजुरीत, पटसंख्येवर ठरतात.

फोटो आणि फाइली जमवल्या की काम झाले, हा समज सर्वांत घातक. स्क्वाफमध्ये शाळा आधी स्वतःचा स्तर ठरवते आणि पुरावे जोडते. ऑगस्टमध्ये काढलेल्या फोटोत नळाला पाणी दिसते. एप्रिलच्या टंचाईत तोच नळ कोरडा असू शकतो. अशा वेळी खालचा स्तर नोंदवणे हेच प्रामाणिक स्वयंमूल्यांकन होय. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला घरी पावरी बोलणारी मुले वर्गात असतात. त्यांना प्रमाण मराठीतला धडा कितपत कळतो, हे फोटोत येत नाही. दहावीचा शेकडा निकालही ते सांगत नाही, कारण नववीत गळालेला मुलगा त्या आकड्यात नसतोच.

कामाचा बोजा वाढतो ही शिक्षकांची तक्रार मात्र गैरसमज नाही. लिपिकाचे पद रिक्त असले की सगळी माहिती संगणक येणाऱ्या एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडते आणि त्याचे तास बुडतात. म्हणून मुख्याध्यापकांनी मानके सर्व शिक्षकांत वाटून द्यावीत आणि पडताळणीला येणाऱ्या पथकाने फाइली उघडण्याआधी नववीच्या वर्गात एक तास बसावे.