‘चालत नाहीये’ म्हणजे नेमकं काय?

आपल्या लॅबमध्ये आणि होस्टेलवर लिनक्सबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "चालत नाहीये यार!" फर्स्ट इयरला मीही हेच वाक्य घेऊन एका सिनिअरच्या गंगापूर रोडवरच्या रूमवर गेलो होतो. लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू टाकलं होतं आणि डी ड्राइव्हवर एकही फाइल सेव्ह होत नव्हती. दादा हसला नाही. त्याने तीनच प्रश्न विचारले. स्क्रीनवर मेसेज काय येतो? कधीपासून? त्याआधी तू काय केलं होतंस?

"काही नाही, विंडोज शट डाउन केलं आणि उबुंटू सुरू केलं," मी म्हणालो. गंमत म्हणजे उत्तर त्यातच होतं. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर शट डाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःची काही अवस्था डिस्कवर लिहून ठेवून ते झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. अशा झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर दुसऱ्या कोणी लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं. म्हणजे मी ज्याला शिव्या देत होतो ते माझाच डेटा सांभाळत होतं! विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, पुन्हा शट डाउन केलं, आणि दहा मिनिटांत काम झालं.

आता माझ्या चुकीबद्दल. थर्ड इयरला एक ज्युनिअर अगदी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी माझं सबमिशन होतं. मी म्हणालो, "गूगल करता येत नाही का रे?" रूममधले सगळे हसले. बिचारा निघून गेला. नंतर त्याने इंटरनेटवर सापडलेली, भलत्याच अडचणीसाठी लिहिलेली कमांड सुडो लावून चालवली. ती पार्टिशन फॉरमॅट करण्याची होती. मिनी प्रोजेक्टचा कोड आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो, दोन्ही त्यातच होते. दुसरी कॉपी नव्हती.

मला हे दोन दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. तसाच त्याच्या रूमवर गेलो. अशा वेळी पहिला नियम म्हणजे त्या डिस्कवर नवीन काहीही लिहायचं नाही, कारण जुन्या फाइली नव्या लिखाणाखाली कायमच्या गाडल्या जातात. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू केला आणि ‘फोटोरेक’ हा मुक्त प्रोग्रॅम रात्रभर चालवला. तो फाइलींच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढतो, पण त्यांची नावं परत मिळत नाहीत. काही फोटो आले. कोड आला नाही. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला परत विचारायची लाज वाटली." हे वाक्य मला आजही टोचतं.

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवतो. आधी विचारणाऱ्यांसाठी.

१. एरर मेसेज जसाच्या तसा सांगा. ‘काहीतरी लाल अक्षरात आलं’ याचा उपयोग नाही.
२. कोणती लिनक्स, कोणती आवृत्ती, कोणता लॅपटॉप आणि शेवटचा बदल काय केला, हे आधीच सांगा.
३. स्वतः काय काय करून पाहिलं तेही सांगा. समोरच्याचा वेळ वाचतो आणि तुम्ही कष्ट घेतलेत हेही दिसतं.
४. न समजलेली कमांड चालवू नका. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव टाकलं की तिची माहिती येते. सुडो असेल तर दोनदा वाचा. आणि बॅकअप घ्या रे बाबांनो!
५. सुटलं की कसं सुटलं ते सांगा. पुढच्याला तेच हवं असतं.

नेमकेपणा किती लागतो याचं आपलंच उदाहरण घ्या. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच कळवलं तर परदेशातल्या प्रोग्रॅमरला काय बोध होणार? पण ‘दुसऱ्या या शब्दातला आडवा अर्धा र न येता रफार येतो, हिंदीत हा र लागत नाही, मराठीत लागतो’ असं स्क्रीनशॉटसकट कळवलं, तर त्याला दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. कोडची एक ओळ न लिहिता तुम्ही लिनक्सला मदत केलेली असते.

उत्तर देणाऱ्यांसाठी नियम एकच : हसू नका. वेळ नसेल तर "उद्या ये, तोवर काही चालवू नकोस" एवढं तरी म्हणा. मी तेवढंही म्हणालो नाही.

लिनक्सची सुरुवातसुद्धा विचारण्यातूनच झाली. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना त्यात काय हवंय ते विचारलं. पुढे हाच लिनस दुसऱ्यांच्या चुकांवर तुटून पडण्यासाठी प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र त्याने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम थांबवलं आणि त्याच सुमारास कर्नेलसाठी आचारसंहिता आली. एवढ्या मोठ्या माणसाला माफी मागता येते, तर आपल्याला काय हरकत आहे?

मी मागितली. तो ज्युनिअर आता लॅबमध्ये इतरांना उबुंटू टाकून देतो. पहिला प्रश्न विचारतो, "मेसेज काय येतोय?" आणि दुसरा, "बॅकअप घेतलाय ना?"