सरोवराकाठचं लाकडी चर्च

मध्य फिनलंडमधल्या पेटॅयॅवेसी या छोट्या नगरपालिकेची वस्ती चार हजारांच्या आतच. पण लाकडी बांधकामाचं वेड असणाऱ्याने तिथलं जुनं चर्च एकदा तरी पाहायलाच हवं.

याको लेप्पॅनेन या ग्रामीण कारागिराने १७६३ ते १७६५ दरम्यान ते ओंडक्यांवर ओंडके रचून उभारलं. घंटाघर त्याच्या नातवाने १८२१ मध्ये जोडलं. जागा मुद्दाम सरोवरांजवळची निवडली होती: उन्हाळ्यात लोक होडीने येत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून.

आत पाऊल टाकलं की पाइनच्या भिंती दिसतात, रंगाचा हात न लागलेल्या. वर कमानदार लाकडी छत, त्यावर तांबडी नक्षी. प्रवचनाचा चौथरा पेलून धरलाय लाकडात कोरलेल्या संत ख्रिस्तोफरने. कौशल्य म्हणावं ते हेच!

१८७९ मध्ये नवं चर्च झालं आणि हे ओस पडलं. त्यामुळेच ते आधुनिक डागडुजीपासून बचावलं. पुढे १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ स्त्रिगोव्स्की यांनी त्याचं मोल ओळखलं, दुरुस्ती सुरू झाली.

१९९४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.