सौरपंपाची जागा आधी नकाशावर पाहा

सौरपंपाच्या प्लेटा कुठे बसवायच्या, हे माणसे खड्डे खणायला येण्याआधीच ठरवा. २००२ साली सुरू झालेला क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याची घडणही सर्वांना खुली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला तो संगणकावर उघडायला सांगा. उपग्रहाच्या चित्रावर विहीर, गोठा, आंबा यांतले अंतर मोजता येते. झाडाची उंची मात्र बांधावर जाऊनच पाहावी लागेल! आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सावली जवळजवळ झाडाइतकीच लांब, उत्तरेला पडते. सकाळ-संध्याकाळ तर पुष्कळच लांब. प्लेटेच्या कोपऱ्यावर सावली आली तरी साऱ्या रांगेची वीज घटू शकते, आणि गहू नेमका तेव्हाच पाणी मागतो. विहिरीजवळची जागा आंब्याच्या सावलीत येत असेल तर थोडी केबल जास्त घ्या, आंबा तोडू नका.