केस परत येतात. पण मधले दिवस?

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि माझी आत्या खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून उपचारासाठी बेळगावला आमच्या घरी राहावयास आली. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली आणि मग दर २१ दिवसांनी केमोथेरपीची सलाईन सुरू झाली. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. कमरेपर्यंत केस, रोज सकाळी तेल लावून घट्ट वेणी. पहिल्या सलाईननंतर पंधराव्या दिवशी तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. आठवडाभरात डोके जवळजवळ मोकळे झाले.

आता माझी चूक सांगतो. एका संध्याकाळी वर्गातील दोघे मित्र नोट्स नेण्यासाठी घरी आले. आत्या आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. मी उठलो आणि त्या खोलीचे दार हळूच ओढून घेतले. मित्र गेल्यावर आत्या एवढेच म्हणाली, "माझी लाज वाटली काय रे तुला?"

मला उत्तर देता आले नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर रुग्णालयात जाऊ लागलो, डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. जे समजले ते येथे मांडतो आहे. हा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ शकतो.

पहिला प्रश्न असा की केस जातात कशाने? कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात आणि वाढतात. केमोथेरपीची पुष्कळशी औषधे अशा घाईने विभागणाऱ्या पेशींनाच मारतात. परंतु शरीरातील काही निरोगी पेशीही घाईच्याच असतात. केसांच्या मुळांतील, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी अशा आहेत. औषधाला आपला आणि परका कळत नाही. आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांतील बहुतेक एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून ते एकदम जातात. भुवया आणि पापण्याही विरळ होतात.

सगळ्याच औषधांनी मात्र असे होत नाही. आत्याला दिलेले डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध केसांवर हमखास परिणाम करते. दुसऱ्या काही औषधांनी केस केवळ विरळ होतात, काहींनी जातही नाहीत. किरणोपचाराने फक्त किरण दिलेल्या जागेचे केस जातात. म्हणून आपल्याला कोणते औषध मिळणार आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

आमच्या गल्लीत एक समज होता की रोग बळावला म्हणून केस गेले. तो साफ चुकीचा आहे. केस जाणे हा औषधाचा परिणाम, रोगाचा नव्हे. आणि केस टिकले म्हणजे औषध लागू पडत नाही, असेही नाही.

केसांखेरीज इतरही बदल होतात. नखांवर काळे पट्टे उमटतात, त्वचा काळवंडते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो; लोक म्हणतात, "तब्येत सुधारली!" आणि रोगी मनात कुढतो. काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो.

यातील बरेचसे बदल तात्पुरते असतात. उपचार संपल्यावर साधारण १ ते ३ महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतात आणि पुढे महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. सुरुवातीला ते कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हे बुडीत कर्ज नव्हे; हे येणे आहे, फक्त वसुलीला वेळ लागतो.

पण तो वेळ काढायचा कसा? माझ्या आजीची गोष्ट सांगतो. लेकीचे मोकळे डोके पाहून ती तोंड फिरवून रडायची. मला वाटे, रोगाच्या भीतीने रडते. एकदा ती म्हणाली, तिची आजी लाल आलवण नेसून माजघरात बसायची, तिचे डोके असेच होते. आपल्याकडे बाईच्या मोकळ्या डोक्यामागे केशवपनाची ही आठवण उभी असते. त्यातच परिचारिकेने शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातात घट्ट बांगड्या घालू नका असे सांगितले. सवाष्ण लेकीचा हात रिकामा पाहून आजीचे जेवण सुटले. शेवटी आत्याने दोन्ही हातांचा चुडा उजव्या हातातच भरला आणि आजीपुढे वाजवून दाखवला. त्या दिवशी आजी जेवली.

परिचारिकांनी सांगितलेल्या काही गोष्टी उपयोगी पडल्या. केस गळण्याआधीच ते आखूड कापले तर उशीवरच्या पुंजक्यांचा धक्का कमी बसतो. डोक्यावर वस्तरा फिरवू नये, मशीनने बारीक करावे. या काळात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि बारीकशा जखमेतूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. उघड्या डोक्याला ऊन आणि थंडी दोन्ही बाधतात. आत्याचा इरकली साडीचा पदर डोक्यावरून घसरायचा; आत मऊ सुती रुमाल बांधल्यावर तो ठरू लागला. टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच जाऊन रंग जुळवून घ्यावा. विरळ भुवया पेन्सिलीने रेखता येतात. टिकलीच्या डिंकाने कपाळ चुरचुरत असेल तर काही दिवस ती बाजूला ठेवावी. लिहिताना संकोच वाटतो, पण स्तन काढल्यावर चोळीच्या आत ठेवायचे कृत्रिम स्तनही मिळतात, हे अनेक घरांत कोणी कोणाला सांगतच नाही.

सलाईनच्या वेळी डोके थंड ठेवणारी टोपीही निघाली आहे. थंडीने डोक्याच्या त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि औषध मुळांशी कमी पोचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे एक यंत्र २०१५ साली मान्य केले. सर्वांनाच तिचा उपयोग होत नाही, रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत आणि सगळीकडे तिची सोयही नसते.

हा प्रश्न केवळ बायकांचा नाही. क्रिकेटपटू युवराज सिंगचे केस गेलेले छायाचित्र २०१२ साली सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा भारताकडून खेळला. २०१८ साली सोनाली बेंद्रे आपले मोकळे डोके न झाकता लोकांसमोर आली. पण ती दूरची माणसे. आत्याला खरा धीर दिला तो आमच्या शेजारच्या कन्नड काकूंनी. त्या पूर्वी रोज दुपारी दारातून विचारायच्या, "अक्का, ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झाले का. केस गेल्यावरही तोच प्रश्न, त्याच आवाजात. ना डोक्याकडे टक लावून पाहणे, ना नजर चुकवणे. आत्या मला म्हणाली, "त्या बाईशी बोलताना मला माझ्या डोक्याची आठवणच होत नाही बघ."

इतरांनी करायचे ते मला येथे समजले. "काही दिसत नाही" असे खोटे सांगू नये, कारण आरसा घरातच असतो. कोण कोणत्या रोगाने गेले याच्या कथा सांगू नयेत. तिला रडावेसे वाटले तर "केसांचे काय एवढे!" म्हणू नये, ते तिचे केस असतात. आणि दुःख फार दिवस उतरलेच नाही तर तेही डॉक्टरांना सांगावे.

चौथ्या सलाईननंतर मी त्याच दोघा मित्रांना मुद्दाम घरी बोलावले आणि दार उघडे ठेवले. आत्या रुमाल न बांधताच चहा घेऊन बाहेर आली. एक मित्र जमिनीकडे पाहत राहिला. दुसऱ्याने उठून कपबशा घेतल्या आणि विचारले, "आत्या, तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता?" मग तासभर आत्याच बोलत होती.