पुन्हा रक्त कशाला?

रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “सकाळी रक्त घेतलंच होतं, आता पुन्हा कशाला?” आमच्या पिरनवाडीतून एखादा रोगी अत्यवस्थ होऊन बेळगावास हलविला, की हाच प्रश्न उठतो. परिचारिका कन्नड बोलते, तपासणीचा कागद इंग्रजीत असतो आणि आपण काळजी करीत असतो ती मराठीत. मग मनात येते, हे पैशांसाठी तर नव्हे? माझ्या शेजारच्या एका कुटुंबाने अशाच संशयाने दुसरी तपासणी अर्धा दिवस अडवून धरली. अखेर ती झाली, तेव्हा आजोबांची मूत्रपिंडे थकत चालल्याचे कळले.

असे का व्हावे? माणसाचे शरीर संकट बराच वेळ लपवू शकते. रोगी बोलतो, ओळखतो, चहाही मागतो. पण आत एकेक इंद्रिय मंदावत असते. रक्त मात्र प्रत्येक इंद्रियाच्या दारावरून फिरून येते. म्हणून तेथील वार्ता त्याच्याजवळ असते.

मूत्रपिंडांचेच पाहा. स्नायूंच्या नित्य झिजेतून निर्माण होणारे क्रिएटिनिन ती बाहेर टाकतात. ती थकली, की ते रक्तात साचते. समजा, सोमवारी हा आकडा ०.७ होता आणि बुधवारी १.१ झाला. कागदावर दोन्ही आकडे सामान्य मर्यादेतच दिसतील. परंतु ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ ही मूत्रपिंडांना इजा झाल्याची खूण मानली जाते. एकटा बुधवारचा कागद पाहून हे कोणास कळले असते?

दुसरी साक्ष लॅक्टेटची. पेशींना प्राणवायू अपुरा पडला, की लॅक्टिक आम्ल वाढू लागते. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे योहान योझेफ शेरर यांनी १८४३ मध्येच प्रसूतिज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते आढळल्याचे नोंदविले होते. लॅक्टेट साधारणतः २ मिलिमोलच्या आत असते. ४ च्या वर गेले तर धोका मोठा. यकृताच्या विकाराने, झटक्यांनी किंवा काही औषधांनीही ते वाढते. म्हणून उपचार सुरू करून काही तासांनी ते पुन्हा मोजतात. उतरले तर दिलासा. चढले तर उपचारांचा फेरविचार.

अशा खुणा एकत्र मांडण्यासाठी १९९६ मध्ये ‘सोफा’ नावाची गुणपद्धती प्रसिद्ध झाली. फुप्फुसे, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण. त्यांपैकी चार विषयांचे गुण रक्त तपासूनच द्यावे लागतात. आम्हा शिक्षकांच्या गुणपत्रकाहून हे उलटे: येथे गुण वाढणे म्हणजे प्रकृती ढासळणे. जंतुसंसर्ग झालेल्या रोग्याचे गुण २ ने जरी वाढले, तरी डॉक्टर सावध होतात.

अर्थात, आकडे म्हणजे रोगी नव्हे. श्वासाची गती, नाडी, लघवीचे प्रमाण आणि शुद्धी यांकडे डोळे लागलेले असावेच लागतात. शिवाय वारंवार रक्त काढल्याने रोग्याच्या अंगातले रक्त कमी होते, हेही खरे. म्हणून कारण विचारणे हा नातेवाइकांचा हक्कच आहे. मात्र “कशाला?” म्हणून हात अडविण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला की उतरला? आणि त्यावरून उपचारांत काय बदलणार?

आणखी एक करावे. घरातील जुने तपासणीचे कागद रद्दीत न टाकता एका पिशवीत जपून ठेवावेत आणि रुग्णालयात जाताना ती पिशवी बरोबर न्यावी. आजचा आकडा चढला की उतरला, हे कालचा आकडा हाती असेल तरच सांगता येते.