कपाटातले वाचनालय आणि वर्गातले वाचनालय

हैदराबादच्या विद्यानगरात घरपट्टी भरणारा माणूस वाचनालयांसाठीही पैसे देतो. बहुतेकांना ते ठाऊक नसते, इतकेच. मद्रासने १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा केला, त्यानंतर हैदराबाद राज्याने १९५५ साली. पुढे आंध्र प्रदेशाच्या १९६० च्या कायद्याने घरपट्टीच्या रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर ठरवला. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, पण असा उपकर काही लावला नाही. म्हणजे या बाबतीत विद्यानगर पुण्याच्या पुढे. पण हा पैसा सार्वजनिक ग्रंथालयांचा. जवळच्या चिक्कडपल्लीचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहिले तर तिथे गर्दी स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची. नोकरीसाठी घोकणाऱ्या तरुणाला तिथे खुर्ची मिळते आणि ती मिळायलाच हवी. गोष्टीचे पुस्तक हवे असलेले आठ वर्षांचे मूल मात्र एकटे तिथवर जात नाही. ते रोज जाते फक्त शाळेत. त्यामुळे पुस्तक शाळेत भेटले नाही, तर बहुतेक मुलांना ते कुठेच भेटत नाही.

मराठी घरांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, घरी येणारे वर्तमानपत्र मुलाला नकळत वाचायला लावतात. विद्यानगरात पाट्या तेलुगू आणि इंग्रजी, कानांवर तेलुगू आणि दखनी. ही अडचण आजची नाही. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. विद्यानगराच्या शेजारचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेही उर्दू माध्यमाचे. तेलुगू भाषकांनी १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय उभे केले. मराठी मंडळींत केशवराव कोरटकर, वामन नाईक या पिढीने विवेकवर्धिनी शाळा आणि तिच्या जोडीला ग्रंथसंग्रह, व्याख्याने असा संसार मांडला. शाळा आणि पुस्तके वेगळी काढता येत नाहीत, हे त्यांना सिद्ध करून दाखवावे लागले नाही. राज्यकर्त्यांच्या भाषाधोरणानेच ते त्यांना शिकवले होते.

आज कायदा सोबत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या, परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय हवे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही हवीत असे लिहिले आहे. पण वाचनालय असले की मुले वाचायला लागतात का? कर्नाटकातल्या शाळांत अक्षरा फाउंडेशनच्या वाचनालयांची काटेकोर पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ च्या सुमारास आला. सोळा महिन्यांनंतर भाषेच्या चाचणीत वाचनालय मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा जराही पुढे नव्हती. जिथे ग्रंथपाल अधूनमधून पुस्तके घेऊन येत, तिथे तर गुण थोडे घसरले. वाचनालयांचे समर्थक हा निष्कर्ष टाळतात, किंवा ‘वाचनाचा आनंद गुणांत मोजता येत नाही’ म्हणून सुटका करून घेतात. मला ती पळवाट वाटते. त्यापेक्षा तो निष्कर्ष फिलिपिन्समधल्या प्रयोगाशेजारी ठेवून पाहावा. तिथे चौथीच्या वर्गांना वयाजोगी पुस्तके दिली, वर्गशिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि एकतीस दिवस वर्गातच वाचन घेतले. मुलांची वाचनक्षमता वाढली, शाळेबाहेरही ती अधिक वाचू लागली. काही महिन्यांनी परिणाम निम्म्याहून अधिक ओसरला, पण पुसला गेला नाही. पुस्तके दोन्हीकडे होती, माणसेही होती. माझ्या मते फरक पडला तो एवढ्याने, की एका ठिकाणी वाचन शाळेच्या कामाला बाहेरून जोडलेले होते आणि दुसऱ्या ठिकाणी ते वर्गशिक्षकाचेच रोजचे काम झाले होते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते. शाळेत हा वापर वेळापत्रकात बसवावा लागतो.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात वाचनाची तासिका कुठून काढायची? आक्षेप खोटा नाही. पण ज्या मुलाला इतिहासाचा परिच्छेद सलग वाचता येत नाही, त्याच्यापुढे तो धडा ‘पुरा’ होतो म्हणजे नेमके काय होते? रोजची वीस मिनिटे भाषेच्या तासिकेतूनच काढता येतात. दुसरा आक्षेप मोबाइलचा. मोबाइलवर मराठी मजकूर विपुल आहे, हे मान्य. पण तिसरीतल्या मुलीला पेलेल असा तो निवडून तिच्या हाती देणारा कुणी तिथे नसतो, आणि तिथे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीशी पुस्तकाची अदलाबदलही होत नाही.

खरी भीती वेगळीच असते, आणि ती कागदावर कुणी लिहीत नाही: पुस्तक हरवले तर भरून कोण देणार? ज्याच्या नावावर दाखल नोंदवही, त्याच्याच पगारातून पैसे जाणार असतील तर तो कपाटाला कुलूप लावणारच. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांनी या भीतीवर कधीच उत्तर दिले आहे. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच पुस्तके गहाळ होणे तिथे रास्त मानले जाते. तीनशे मुलांनी तीस आठवडे दर आठवड्याला एक पुस्तक नेले तर देवघेव नऊ हजारांची होते आणि पंचेचाळीस पुस्तकांची तूट माफ ठरते. खासगी शाळांना हा नियम लागू नाही, पण त्यांच्या संस्थाचालकांना तोच हिशेब ठरावात घालायला कुणाची परवानगी लागत नाही. हैदराबादच्या मराठी संस्थांनी वार्षिक सभेत हा एक ठराव केला, तरी कुलपे निघायला सुरुवात होईल.